मुकुंदाच्या बाजूने न आलेला बॉल

“टाचा टेकवा, आल्हाट.”

“टेकल्यात की, साहेब.”

कंपनीच्या डॉक्टरांनी वाकून पाहिलं. टाचा खरंच टेकल्या होत्या. मग त्यांनी भिंतीवरची पट्टी मुकुंदाच्या डोक्यावर आणून ठेवली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि पाच फूट साडेतीन असा आकडा मोठ्याने वाचला. दवाखान्याच्या दारात आम्ही सगळे रांगेने उभे होतो. मागून कुणीतरी विचारलं, “केस धरून का?” आणि हशा पिकला. मुकुंदाही हसला. बाहेर पडताना चौकट लागू नये म्हणून मान वाकवायचं नाटकही त्याने केलं. माझ्या जवळून जाताना मात्र हळूच म्हणाला, “दादा, मागच्या वर्षी साडेचार होती.”

याला सव्वीस वर्षं झाली. दापोडीच्या बाजूला आमची कंपनी होती, आता तिथे मोठमोठ्या इमारती आहेत. कंपनीचा हॉकीचा संघ होता आणि आम्हाला खेळायचाच पगार मिळायचा. सकाळी चार तास खात्यात काढायचे, जेवण झालं की मैदान. माझं नाव विलास रणपिसे, मी गोलकीपर. तेव्हा चौतिसाव्या वर्षात होतो आणि कंपनीत कायम होतो. मुकुंदा कायम नव्हता. नवीन खेळाडूला तीन वर्षांचा करार देत, आणि तीन वर्षांनी समिती बसून ठरवी, याला कायम करायचं की निरोप द्यायचा. मुकुंदाची तीन वर्षं त्या मार्चमध्ये भरत होती. घरी बायकोला, सुनंदाला, सातवा महिना होता. कायम झाला नाही तर भावाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत बसायचं, एवढी एकच वाट त्याच्यापुढे होती.

तो डावा बॅक होता. म्हणजे माझ्या पुढ्यात, माझ्या डाव्या हाताला उभा राहणारा माणूस. बॅक म्हटलं की लोकांना आडदांड गडी लागतो. समोरच्याला खांदा मारून आडवा करणारा, बॉल पार अर्ध्या मैदानापलीकडे फटकावणारा. मुकुंदा यातलं काहीच करत नसे. तो नुसता चालायचा. दोन पावलं इकडे, तीन पावलं मागे, मध्येच थांबून स्टिक जमिनीला टेकवायचा. नवख्याला वाटावं, हा सकाळी फिरायला आलाय. पहिले चार महिने मलाही तसंच वाटत होतं. मग एकदा लीगमध्ये तो तापाने झोपला आणि त्याच्या जागी दुसरा आला. त्या दिवशी संध्याकाळी मला चमचा धरता येईना, इतके बॉल मी अडवले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी त्याला विचारलंही होतं, “तुला आधी कसं कळतं रे, बॉल कुठे जाणार ते?”

“बॉलकडे बघतच नाय मी. खांद्याकडे बघतो. खांदा आधी निघतो, बॉल मागनं येतो.”

“आणि मग?”

“मग काय, तिथं जाऊन उभं राह्यचं. त्याला दिसलं पायजे की इथं माणूस हाय. मग तो येतच नाय.”

एवढंच त्याचं शास्त्र. समोरचा मान वर करून बघायचा, जिथून घुसायचं तिथे हा बुटका उभा. मग तो बॉल परत मागे द्यायचा किंवा पलीकडे फिरवायचा, आणि पलीकडे आमचे तीन जण वाटच बघत असायचे. माझ्यापर्यंत काही यायचंच नाही. त्या तीन वर्षांत लोक मला भिंत म्हणायला लागले. मी ते म्हणू दिलं.

त्या वर्षी जागा एकच होती आणि उमेदवार दोन. दुसरा संग्राम खाडे, कोल्हापूरकडचा, सहा फूट एक इंच, पोरगा स्वभावाने गोड. निवडीसाठी कंपनीने आपल्याच दोन संघांची मॅच ठेवली. पहिल्या हाफमध्ये मुकुंदा डावा बॅक, दुसऱ्यात संग्राम. मी दोन्ही हाफमध्ये गोलात. समोर कंपनीची सगळी पक्की फॉरवर्ड लाइन, फ्रान्सिससकट. फ्रान्सिस म्हणजे आमचा राइट आउट. तो एकदा सुटला की धुळीशिवाय काही दिसायचं नाही. तो नेमका डाव्या बॅकच्या अंगावर येणार होता, त्यामुळे कसोटी चोख होती. निदान मला तसं वाटलं.

समितीचे प्रमुख राजाध्यक्ष साहेब, पर्सोनेल मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. वाईट असता तर शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो. उलट त्यांना वशिलेबाजीचा तिटकारा होता. मागे दोन वेळा समितीवर चिठ्ठ्याचपाट्यांचे आरोप झाले होते, म्हणून यंदा त्यांनी ठरवलं की निवड कागदावर व्हायची. त्यासाठी त्यांनी टाइम स्टडीच्या कुंट्यांना बोलावलं.

कुंटे म्हणजे खात्यातली दहशत. गळ्यात स्टॉपवॉच आणि हातात पॅड घेऊन ते मशीनच्या मागे उभे राहत आणि माणूस तासाला किती नग काढतो ते मोजत. अत्यंत सरळ माणूस, कुणाचा चहासुद्धा घेत नसत. त्यांनी मैदानाकडेला टेबल मांडलं, कागदावर रेघा मारल्या आणि रकाने पाडले. अडवले, हिसकावले, फटकावले. प्रत्येक वेळी एक उभी रेघ, पाचवी आडवी. आमच्या कंपनीत माणसाची किंमत अशीच ठरायची, त्यामुळे कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, हे कबूल करतो.

शिट्टी झाली. पहिल्या पाच मिनिटांत फ्रान्सिस दोनदा बॉल घेऊन निघाला, दोन्ही वेळा मान वर करून त्याने पाहिलं आणि बॉल मागे दिला. तिसऱ्या वेळी चिडून पलीकडे मारला, तो सरळ बाहेर गेला. मुकुंदा चालत होता. एकदा तर त्याने उभ्या उभ्या मोजा वर ओढला. मी गोलात उभा राहून पॅडवर स्टिक आपटत होतो, कारण थंडी वाजायला लागली होती. पस्तीस मिनिटांत माझ्याकडे एक बॉल आला, तोही आमच्याच माणसाने मागे ढकललेला. टेबलाशी कुंट्यांनी थर्मासमधला स्वतःचा चहा काढला, सावकाश प्याले आणि फडक्याने कप पुसून ठेवला.

हाफ टाइमला मी पॅड न काढताच टेबलाकडे गेलो. कागद उलटा दिसत होता तरी वाचता आला. मुकुंद आल्हाट, अडवले एक, हिसकावले शून्य, फटकावले दोन.

राजाध्यक्ष साहेब म्हणाले, “रणपिसे, तुम्ही त्याच्यामागे तीन वर्षं उभे आहात. हा करतो काय नक्की?”

“साहेब, त्याच्या बाजूने बॉल येत नाही.”

“तेच म्हणतोय मी. आलाच नाही. त्याचं नशीब की काय म्हणा, पण त्याची परीक्षाच झाली नाही.”

“नशीब नाही, साहेब. तो येऊ देत नाही.”

“कसं?”

“उभा राहून.”

माझ्या तोंडून ते बाहेर पडलं आणि माझं मलाच कसंतरी वाटलं. शेजारचे दोन साहेब हसले. राजाध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, “बरं, तुम्ही सांगा काय ते. कुंटे लिहून घेतील.”

कुंट्यांनी खरंच पेन्सिल उचलली. मनापासून ऐकायला तयार होते ते. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की सांगायला काही नाही. फ्रान्सिस येणार होता तो आला नाही. मारणार होता ते मारलं नाही.

“रणपिसे,” कुंटे समजुतीने म्हणाले, “जे झालं ते मी लिहितो. न झालेलं कसं लिहू? त्याला रकाना कुठला?”

“आणि बॉल आला नाही याचं श्रेय तुम्हालाही असेल की,” राजाध्यक्ष म्हणाले. “गोलात तुम्ही दिसलात की माणूस बिचकणारच. उगाच मोठेपणा दुसऱ्याला देऊ नका.”

मी जितकं त्याच्यासाठी बोलत होतो तितकं ते माझ्याच पदरात पडत होतं. फ्रान्सिसला बोलवा, त्याला विचारा, असंही मी म्हणून पाहिलं. बोलावलं त्याला. फ्रान्सिस घाम पुसत म्हणाला, “आज मूडच लागत नाही साहेब, काय होतंय कळत नाही.” त्याला खरंच कळत नव्हतं. मुकुंदाचं कसब होतंच तसलं, ज्याच्यावर चाललं त्यालाही पत्ता लागत नसे.

कपडे बदलायच्या खोलीत मुकुंदा बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता. दुसरा हाफ त्याचा नव्हता.

“कायतरी बोलून आलास ना?” त्याने वर न बघता विचारलं.

“ऐक. दुसऱ्या हाफमध्ये संग्राम येणार. फ्रान्सिस त्याच्या बाजूने आत घुसणार, हे तुला माहीत आहे आणि मलाही. बॉल माझ्यावर येणार. मी सोडतो.”

“काय सोडतोस?”

“गोल. तीन-चार होऊ देतो. तू होतास तेव्हा शून्य, तू नाहीस तेव्हा चार. कुंट्यांच्या कागदावर ते तरी मावेल.”

तो माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे तोंडाकडे नाही, जरा खाली. मग बाकावरचं चिकटपट्टीचं रीळ त्याने उचललं आणि काही न सांगता माझ्या डाव्या कानाच्या बाजूने फेकलं. मी ते झेललं.

“तुला नाय जमायचं, दादा,” तो म्हणाला.

“माझं काही जात नाही. मी कायम आहे. उद्या मला संघातून काढलं तरी मशीन आहेच.”

“तसं नाय म्हणत मी.”

“मग बघच तू,” मी म्हणालो आणि रीळ बाकावर ठेवून बाहेर आलो. मी मनापासून बोललो होतो. आजही शपथेवर सांगेन.

दुसरा हाफ सुरू झाला आणि तिसऱ्याच मिनिटाला फ्रान्सिस सुटला. संग्राम त्याच्यावर धावून गेला, त्याला धडकला, बॉल निसटला तो पुन्हा फ्रान्सिसने उचलला, संग्राम पुन्हा धावला आणि यावेळी दणक्यात हिसकावून घेतला. टाळ्या पडल्या. टेबलाशी दोन रेघा. पुढच्याच वेळी फ्रान्सिस त्याला चकवून गोलासमोरच्या डीमध्ये शिरला आणि त्याने डाव्या खांबाकडे मारला. सोडायचा, असं मी मनात म्हणत होतो. म्हणता म्हणता पाय गेला. बॉल बुटावरच्या किकरला लागून बाहेर गेल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की मी अडवलाय.

पहिला होता, सवयीने गेला, असं मी स्वतःला समजावलं. मग समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला. आता हलायचंच नाही, असं ठरवून मी दोन्ही पाय जमिनीत रोवले. फटका छातीच्या उंचीवर आला आणि माझा हात वर होता. तिसऱ्या वेळी मात्र मी खरोखर जिंकलो. फ्रान्सिस एकटा समोर आला, मी दगडासारखा उभा राहिलो, बोटसुद्धा हलवलं नाही, आणि त्या गाढवाने बॉल नेमका माझ्या पॅडवर मारला. लोक म्हणाले, काय जागा धरली आहे.

पहिली पाळी सुटली होती. खात्यातली माणसं डबे हातात घेऊनच मैदानाकडेला जमली होती. प्रत्येक बॉलला माझ्या नावाचा गजर व्हायला लागला. संग्राम धडपडत होता, पडत होता, उठून पुन्हा अंगावर जात होता, आणि त्याच्या नावापुढे रेघा वाढत होत्या. ज्या भगदाडातून माणसं आत येत होती ते त्याचंच होतं, पण भगदाडाला रकाना नव्हता. मी सोडायचं म्हणत होतो आणि अडवत होतो. सातवा, आठवा. शेवटच्या मिनिटाला फ्रान्सिसने लांबून वर उचलून मारला, उजव्या कोपऱ्यात. तो माझ्या हाताबाहेरचा होता. काही करावंच लागणार नव्हतं, जागेवर उभं राहिलो असतो तरी कुणी दोष दिला नसता. मी उडी घेतली. आयुष्यात तशी उडी मी पुन्हा घेतली नाही. बॉल बोटांच्या टोकांना लागला आणि गोलाच्या आडव्या दांड्यावरून गेला. मी तोंडावर पडलो, मातीत, आणि सगळं मैदान ओरडत होतं.

आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तेवढा एक क्षण मला मुकुंदा आठवला नाही. उठून बसलो तेव्हा तो दिसला. राखीव खेळाडूंच्या बाकापाशी उभा राहून, हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होता.

संग्राम खाडे, अडवले चौदा, हिसकावले नऊ, फटकावले अकरा. समोरच्यांचे गोल शून्य. पहिल्या हाफमध्येही शून्य.

यादी शुक्रवारी कॅन्टीनच्या फळ्यावर लागली. मुकुंदा सामान जमा करायला स्टोअरमध्ये आला तेव्हा मी तिथे जाऊन उभा राहिलो. त्याने दोन स्टिका, बूट, दोन जर्सी काउंटरवर मांडल्या. जर्सी घरी धुऊन, इस्त्री करून आणल्या होत्या.

“मी सोडणार होतो,” मी म्हणालो.

“माहितेय.”

“एक तरी सोडायला हवा होता मी.”

“जाऊ दे, दादा. शेवटचा मस्त होता.” त्याने पावतीवर सही केली आणि पेन स्टोअरकीपरला परत दिलं. “सुनंदाला सांगितलं मी, कसला उडाला म्हणून.”

तो चालत फाटकाबाहेर गेला. त्याच्या त्या सावकाश चालीने. मला त्याच्या मागे जाता आलं असतं. मी काउंटरपाशीच उभा राहिलो.

पुढच्या लीगमध्ये पाच मॅचमध्ये माझ्यावर तेरा गोल झाले. संग्रामला उत्कृष्ट बचावपटूचा चषक मिळाला. पोरगा इतका राबला होता की त्याच्यावर रागावताही येईना. माझ्या फाइलमध्ये ‘हालचाली मंदावल्या’ असा शेरा पडला आणि मला पूर्णवेळ मशीनवर पाठवलं. तिथे एकदा कुंटे माझ्यामागे येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी घड्याळ चालू केलं नाही. मग म्हणाले, “रणपिसे, त्या मॅचला पहिल्या हाफमध्ये मी निवांत चहा प्यायलो होतो. दुसऱ्या हाफमध्ये मान वर करायला फुरसत नव्हती. परवा रात्री तो कागद पुन्हा काढून... नाही, असू द्या.” आणि घड्याळ चालू केलं. त्यांनाही कळलं होतं, पण आता ते सांगायचं कुणाला? राजाध्यक्ष साहेब तोवर निवृत्त होऊन नाशिकला गेले होते.

मुकुंदाच्या दुकानावर मी जायचं टाळत आलो. इतकी वर्षं. त्या रस्त्यावरून जावं लागलं तर पलीकडच्या फुटपाथने जायचो. मागच्या महिन्यात नातवाच्या सायकलची हवा राहीना, आणि तो हट्टाने मला तिथेच घेऊन गेला. मुकुंदा पाटावर बसला होता. केस पांढरे, बाकी तेवढाच. त्याने मला ओळखलं, बस म्हणाला, चहा सांगितला. मुलगी परिचारिका झाली, सुनंदाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, असं सगळं बोलणं झालं. हॉकीचं कुणी काढलं नाही.

शेवटी मीच विचारलं. “मुकुंदा, त्या दिवशी मी सोडतो म्हणालो तेव्हा तू म्हणालास, जमायचं नाही. कशावरून?”

तो ट्यूबवर कानस घासत होता. “तू सोडतो म्हणत होतास आणि तुझा डावा खांदा पुढं आला होता. मी रीळ फेकलं ते नंतर. तू त्याच्या आधीच निघाला होतास.”

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, तोंडाकडे नाही, जरा खाली. मग बाजूची पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब उचलून त्याने काही न सांगता माझ्या डाव्या बाजूला फेकली.

माझा हात गेला, पण उशिरा गेला. ट्यूब बोटांना लागून खाली पडली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

“सुटली,” मी म्हणालो.

“हां,” मुकुंदा म्हणाला. त्याने वाकून ती उचलली, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली आणि नातवाच्या सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावायला घेतलं.